दिवा मोठा कर

आमची गुंडी पाळण्यात झोपत नाही, मांडीवर झोपत नाही, खांद्यावर तर मुळीच नाही. ती झोपते गाडीत. संध्याकाळी मी कामावरून आले की चहा उभ्याउभ्याच पोटात ढकलायचा, मागच्या सीटवरच्या तिच्या छोट्या खुर्चीत तिला पट्ट्यांनी बांधायचं आणि तलावापर्यंत एक चक्कर मारून आणायची. जाताना ती बडबडते, तलावापाशी वळताना डोळे चोळते आणि परत येताना, सगळं सुरळीत असेल तर, तिची मान कलते. मग दारात गाडी उभी करून आम्ही थोडा वेळ तसेच बसून राहतो. तिचा श्वास ऐकू येतो. कुणी माझ्याकडे काही मागत नाही असा दिवसातला तेवढाच वेळ.

आम्ही म्हणजे मी आणि आत्या.

आत्या माझ्या नवऱ्याच्या. सासऱ्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था बघण्यात आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्या. इकडे नवऱ्याची बदली झाली होती, पाळणाघरवाल्या बाई म्हणत होत्या की दोन वर्षांची झाली की आणा, आणि आमच्या मॅडमनी गोड आवाजात सांगितलं होतं, या महिन्यात रुजू झाली नाहीस तर तुझं टेबल दुसरीला द्यावं लागेल. तेव्हा आत्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "सकाळी किती वाजता निघावं लागतं तुला?" आणि दोन दिवसांत एक पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

मी त्यांच्यासाठी कपाटातला मधला कप्पा रिकामा करून पुसून ठेवला होता. त्यांनी तो पाहिला, "छान आहे" म्हणाल्या आणि पिशवी पलंगाशेजारी ठेवली. कपडे पिशवीतच राहिले. सकाळी त्यातूनच काढायचे, वाळले की घडी घालून परत त्यातच.

"पिशवीवर लक्ष ठेव," नवरा फोनवर म्हणाला. "काकाकडे अशीच राहायला गेली होती. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणाली, त्यांनी केला नाही. सकाळी उठून बघतात तर पिशवीसकट गायब."

"भांडली?"

"छे! भांडेल ती आत्या कसली. एकदा सांगते. शब्द खाली पडला की निघते."

"एकदाच?"

"शंभर पोरी सांभाळल्यात तिने. दोनदा सांगायची सवयच नाही."

थोडक्यात, माझी नोकरी त्या पिशवीत होती.

आणि मला ती हवी होती. आमच्या लॅबमध्ये दात बनतात. कुणाचा पुढचा दात पडलेला असतो, कुणाची अख्खी खालची ओळ. साचा कुणीही ओतेल, पण दात तोंडात गेल्यावर शेजारच्या दातासारखा दिसला पाहिजे, ते काम माझं. पांढऱ्यात किती पिवळा, मुळाशी किती करडा, टोकाला किती काचेसारखा. बारीक ब्रश घेऊन बसलं की मला तहानभूक आठवत नाही. गुंडीच्या वेळी सुटीवर होते तेव्हा मी समोर येईल त्याच्या दातांकडेच बघत बोलायचे. आल्यागेल्याला वाटायचं, ही बाई अशी काय बघते!

तर, आत्या राहायला हव्या होत्या. मी ठरवलं होतं, त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. पडायच्या आत झेलायचा.

पहिले काही दिवस छान गेले. मग दिवस लहान होत गेला आणि आमची चक्कर अंधारात होऊ लागली. अंधारात आमच्या गाडीचं खरं रूप कळलं. गाडी नवऱ्याच्या साहेबांनी वापरलेली, त्यांनी बदलली तेव्हा आम्ही घेतली. साहेबांना कमी दिसायचं की काय कोण जाणे, पण डॅशबोर्ड असा उजळायचा की दवाखान्यातली ऑपरेशनची खोली बरी. मध्ये पांढराशुभ्र पडदा, दोन्ही बाजूंना निळे आकडे, आणि उजव्या कोपऱ्यात एक नारिंगी दिवा. कढईचं चित्र आणि कढईत उद्गारचिन्ह. तो आम्ही गाडी घेतली त्या दिवसापासून होता. मी नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "राहू दे, तो कायमचा आहे." जसा काही घरचाच माणूस.

गुंडीला तो कढईचा दिवा फार आवडला. मागे बसल्या बसल्या बोट दाखवायची. "दिआ! दिआ!" तलाव आला, गेला, परतीचा रस्ता निम्मा संपला तरी हिचे डोळे टकटकीत.

आत्या तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तो दिवा मोठा कर जरा."

मला नवल वाटलं. एवढा उजेड कमी पडतोय? पण म्हटलं, वय झालंय, दिसत नसेल. शिवाय पहिला शब्द आला होता आणि तो मला झेलायचा होता. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला खाली एक छोटं दातेरी चाक आहे, ते मी वर फिरवलं. आकडे आणखी उजळले.

मग आत्या म्हणाल्या, "मोठा कर म्हटलं मी."

आत्या दोनदा बोलल्या! चाक शेवटपर्यंत फिरवलं, सिग्नलला थांबल्यावर मधल्या पडद्याचाही उजेड बोटाने ओढून पूर्ण केला. गाडीत लख्ख झालं. शेजारच्या मोटारसायकलवाल्याने वाकून आत बघितलं. गुंडीने टाळ्या वाजवल्या.

"आता दिसतंय ना नीट, आत्या?" मी आरशातून विचारलं.

"दिसतंय," आत्या म्हणाल्या. "सगळं दिसतंय मला."

त्या रात्री गुंडी झोपेपर्यंत मी घरात येरझारा घातल्या. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधीच मी सगळा उजेड पूर्ण करून ठेवला, म्हणजे आत्यांना सांगायलाच लागू नये. आत्या गाडीत बसल्या, समोर बघितलं आणि त्यांनी जी तोंडात मिठाची गुळणी धरली ती घर येईपर्यंत. जेवताना, पोळी मोडता मोडता, अगदी सहज म्हणाल्या, "मी रविवारी निघेन म्हणते."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. "काही चुकलं का, आत्या?"

"तुझं घर आहे बाई. तुझी गाडी आहे. चुकायचं काय त्यात?"

नवऱ्याला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "काय दिवे लावलेस तू?"

"तेच तर केलं! दिवेच लावले! त्या म्हणाल्या तेवढे लावले, वर आणखी लावले!"

"मग तिला नक्की काय हवंय?"

"मला माहीत असतं तर तुला फोन केला असता का? आत्या तुझी आहे."

"माझी आहे, पण मी कधी तिच्या वसतिगृहात राहिलो नाही गं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "गाडीचं पुस्तक वाच. फोनवर मिळतं. तो नारिंगी दिवा खराच कसला आहे ते तरी बघ. घाबरली असेल ती त्याला."

हे मला पटलं. माणूस इशाऱ्याचा दिवा बघतं, तो नीट दिसावा म्हणून मोठा करायला सांगतं, आणि सून काय करते, तर मोठा करून तशीच गाडी हाकते. कुणालाही राग येईल.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जेवणाच्या सुटीत मी गाडीचं पुस्तक उघडलं. एका हातात डबा, एका हातात फोन, समोर ट्रेमध्ये कुणाचे तरी चार दात सुकत असलेले. इतकी वर्षं गाडी चालवते, पण समोरच्या चित्रांकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. हिरवा आणि निळा म्हणजे अमुक चालू आहे, एवढंच सांगणारे. नारिंगी म्हणजे चालेल, पण लवकर बघा. लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा. लाल किटली दिसली तर इंजिनाच्या तेलाचं काहीतरी बिनसलंय, एक हातही पुढे जायचं नाही. आणि माझी कढई ही कढई नव्हतीच. ते टायरचं चित्र होतं, मधून कापलेल्या. एखाद्या टायरमध्ये हवा कमी आहे.

"काय वाचतेस एवढं?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. "पाककृती?"

"कढई टायर निघाली," मी म्हणाले. तिने माझ्या डब्यात वाकून बघितलं.

घरी जाताना हवा भरायला थांबले. हवावाल्याने चारही टायर बघितले, मागचं डावं चांगलंच उतरलं होतं, ते भरलं. दिवा तसाच. "हवा बरोबर आहे ताई," तो म्हणाला, "दिव्याचं मला सांगता येणार नाही." मी बाजूला गाडी लावून पुस्तक परत काढलं. हवा भरली की गाडीला तसं सांगावं लागतं, आपणहून तिला कळत नाही. सेटिंग, मग वाहन, मग टायर, आणि बटण दाबून धरायचं, गाडी 'टिंग' करेपर्यंत. टिंग झालं. कढई गेली. इतका आनंद मला दहावी पास झाले तेव्हाही झाला नव्हता.

तिथेच आणखी एक गोष्ट सापडली. पडद्याच्या सेटिंगमध्ये 'दिवस', 'रात्र' आणि 'आपोआप' असे तीन पर्याय होते आणि साहेबांनी तो 'दिवस'वरच ठेवला होता. म्हणजे आमच्या गाडीत आजवर रात्र झालीच नव्हती. मी म्हटलं, असू दे, आत्यांना उजेड हवाय. हात लावला नाही.

संध्याकाळी आत्या गाडीत बसल्या तशी मी मिरवत म्हणाले, "आत्या, बघा. ती कढई म्हणजे मागच्या टायरमधली कमी हवा होती. भरली, आणि तो नारिंगी दिवा विझला!"

आत्यांनी अंगावर पाणी पडल्यासारखं केलं. "असं म्हणू नये."

"कसं?"

"ते... विझ-बिझ. आमच्यात नाही म्हणत दिव्याला तसं." आणि खिडकीकडे बघत, "तो एक गेला, बाकीचे आहेतच."

बाकीचे होतेच. गुंडीने कढई शोधली, सापडली नाही, म्हणून भोकाड पसरलं. पांढऱ्याशुभ्र उजेडात मला आरशातून तिचा पडजीभेपर्यंतचा घसा दिसत होता आणि वरचे दोन नवे दात, दुधाच्या आत जरासा निळा असतो तसे. असा रंग मला आजवर टेबलावर जमलेला नाही.

शनिवारी आमचा अर्धा दिवस असतो. मी किल्लीने दार उघडून आत आले. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. पलंगाशेजारी पिशवी होती, आणि ती भरलेली होती. तोंड बांधलेलं. मी तिच्याकडे बघत चप्पल काढली. मॅडमना काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवायला लागले, आणि एकही जुळेना.

आतल्या खोलीतून आत्यांचा आवाज येत होता. पडदे ओढलेले, दिवा लागलेला. आत्यांनी गुंडीला कडेवर घेतलं होतं आणि भिंतीवरच्या बटणापाशी उभं राहून दोघींचं काहीतरी चाललं होतं. माझ्याशी कधी काढला नव्हता असा मऊ आवाज.

"आता गाई करायची ना? मग काय करायचं आधी? मोठा कोण करणार?"

"मोथा!" गुंडी म्हणाली.

"हं, कर मोठा."

गुंडीने तळहात उचलला आणि बटणावर मारला. खोलीत अंधार झाला.

"शाब्बास! झाला मोठा."

मी दारातच उभी राहिले. अंधारातून गुंडी परत एकदा म्हणाली, "मोथा," अगदी समाधानाने, काम फत्ते केल्यासारखी.

डोक्यात उजेड पडणं म्हणतात ते मी पहिल्यांदा अंधारात अनुभवलं. दुकान बंद केलं तर वाढवलं म्हणतात. बांगडी फुटली तर तीही वाढवली म्हणतात. घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं. हे सगळं मी लहानपणापासून बोलत आलेय. दिव्याचं तेवढं माझ्या घरात कुणी म्हटलं नव्हतं. आणि या बाईला मी बिचारीला अख्खा आठवडा... तिने घालवायला सांगितलेला उजेड मी तिच्या तोंडावर ओतत होते, वर विचारत होते, नीट दिसतंय ना?

मी पाय न वाजवता मागे आले, चप्पल परत पायात घातली, आणि दार मुद्दाम आवाज करून लावलं. "आले हो आत्या!"

संध्याकाळी चक्कर काढली. आत्या नेहमीसारख्या गुंडीशेजारी. निघताना मी काही बदललं नाही, आमचा दवाखाना लख्ख पेटलेला. आत्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. उद्या निघणारं माणूस कशाला बोलेल? तलावापाशी वळले, वळणापुढे झाडाखाली गाडी बाजूला घेतली आणि इंडिकेटर लावून थांबले.

"काय झालं?" आत्यांनी विचारलं. "दिवा आला का पुन्हा कसला?"

"नाही," मी म्हणाले. "आत्या, दिवा मोठा करू?"

मी पडद्यावर 'रात्र' निवडली, मग 'पडदा बंद'. ते दातेरी चाक खाली फिरवत गेले, अगदी टोकाला लागेपर्यंत. निळे आकडे मावळत मावळत राखेसारखे झाले. गाडीत अंधार आला आणि त्याबरोबर बाहेरचं सगळं आत आलं. तलावाचं पाणी दिसायला लागलं, पलीकडच्या काठावरची खिडकी दिसायला लागली. इंडिकेटरचा हिरवा बाण तेवढा टिकटिक करत होता. गुंडीने दोन वेळा "दिआ?" विचारलं, दुसऱ्या वेळी अर्धंच.

बऱ्याच वेळाने आत्या म्हणाल्या, "तुला कळत नव्हतं?"

"आज दुपारी कळलं."

"आणि आधी? तू तर चांगला वाढवून..."

"मोठा करा म्हणालात, मोठा केला."

मागून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं त्यांना ठसका लागला. आरशात बघितलं तर पदर तोंडाला लावून बाई हसत होत्या, गुंडी उठू नये म्हणून आवाज दाबत. "आणि मी म्हणतेय, पोरगी दिसते तशी साधी नाही! सांगितलं की वाढवते! काय उजेड पाडलास गं!"

"विचारायचं ना, आत्या, असं का करतेस म्हणून."

"तूही विचारायचं होतंस, का मोठा करायचा म्हणून."

"मला भीती वाटली."

"माझी?" त्यांना खरंच नवल वाटलं. मग म्हणाल्या, "हं. वाटायची मुलींना." थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "रोज जेवणं झाली की मी व्हरांड्यातून जायची. मुलींनो, दिवे मोठे करा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक खोली शांत होत जायची. कधी दोनदा सांगावं लागलं नाही."

"नव्या मुलींनाही नाही?"

आत्या थबकल्या. "नव्या... अगंबाई!" पुन्हा पदर तोंडाशी गेला. "दर वर्षी पहिल्या रात्री नव्या मुलींच्या खोल्यांत टेबलावरचेसुद्धा दिवे लागायचे. मला वाटायचं, पहिला दिवस आहे, मस्ती करतात. दुसऱ्या दिवशी आपोआप सरळ व्हायच्या."

"जुन्या मुली सांगत असतील त्यांना."

"जुन्या सांगत असणार. मला काय माहीत!" त्या हसत राहिल्या, मग हसणं ओसरलं. "तुला सांगायला घरात जुनी मुलगी कोणी नव्हती ना."

"होती की," मी म्हणाले. "तिनेच सांगितलं."

आत्यांनी शेजारी बघितलं. जुन्या मुलीची मान खुर्चीच्या कडेला कलली होती, ओठ उघडे होते, आणि एक हात हवेत तसाच राहिला होता, बटण शोधत असल्यासारखा. आत्यांनी तो अलगद खाली घेतला आणि आपल्या हातात ठेवला.

घरापर्यंत समोर फक्त वेगाचा आकडा होता, विझत चाललेल्या... नाही, मावळत्या निखाऱ्यासारखा. मला उद्याचं विचारायचं होतं, पण धीर होईना. दारात गाडी थांबवली. आत्या म्हणाल्या, "तू तिला घे. मी दार उघडते." आणि उतरता उतरता, "लाल दिवासुद्धा असाच मोठा करता येतो का गं त्या चाकाने?"

"नाही. लाल आला की ते चाक त्याला लागू होत नाही. थांबून बघावंच लागतं काय झालंय ते."

"बरंय मग," त्या म्हणाल्या.

रविवारी मला उशिरा जाग आली. गुंडी शेजारी नव्हती. उठून बाहेर आले तर पलंगाशेजारची जागा रिकामी. पिशवी नव्हती. स्वयंपाकघरात कुणी नाही. दाराला कडी नाही. मी चपला न घालताच बाहेर धावले.

आत्या आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या. गुंडी त्यांच्या खांद्याला धरून उभी, आणि रिकामी पिशवी गुंडीच्या डोक्यात टोपीसारखी.

"हे बघ," आत्या टायरवर बोट ठेवून म्हणाल्या, "परत बसलंय. खिळा दिसतोय. आज संध्याकाळी तुझी ती कढई परत येणार." मग माझ्या अनवाणी पायांकडे आणि तोंडाकडे बघितलं. "अशी काय उभी राहिलीस? जा, तोंड धू. आणि कपाटातला तो कप्पा जरा उथळ आहे. माझे स्वेटर मावत नाहीत. खालचा रिकामा करून दे."